एका दिवसाचे पाहुणे

वर्षभर या सदरात आमचा मुक्काम जवळपासच असतो. कोकण रेल्वेचे आरक्षण, गाणगापूरचे भक्तनिवास, काश्मीरला लोकरी कपडे किती न्यावेत, अशा चौकशांतच बावन्न आठवडे निघून जातात. दिवाळी अंकात मात्र संपादक हात सैल सोडून पाने देतात, तेव्हा एखादे लांबचे पत्र हाती घ्यावे अशी या सदराची रीत आहे. यंदाचे पत्र खरोखरच लांबचे आहे. आले नाशिकहून, पण विचारणा आहे ती पॅसिफिक महासागराच्या मध्यावरल्या मोरेआ या बेटाची.

पत्र लिहिणारे गृहस्थ निवृत्त शिक्षक. त्यांच्या पत्नीही शिक्षिकाच होत्या. मुलगा ऑकलंडला असतो. आईवडिलांनी आयुष्यभर सहल नेली ती शाळेच्या मुलांची, आता त्यांना कुणीतरी न्यावे म्हणून त्याने पुढच्या ऑक्टोबरात ताहितीकडे जाणाऱ्या एका सफरीच्या बोटीची दोन तिकिटे काढली आहेत. वाटेत बोट एक दिवस मोरेआला थांबते. सकाळी आठला आगमन, सायंकाळी पाचला प्रस्थान. एवढ्या वेळात पाहायच्या स्थळांची यादी गुरुजींनी वळणदार अक्षरात करून पाठवली आहे. बेटाची प्रदक्षिणा, बेल्वेदेरचा कडा, जुनी देवस्थाने, अननसाचे मळे, फळांच्या रसाचा कारखाना, पापेतोआईचे चर्च, मुशी आणि पाकट मासे, काचेच्या तळाची होडी, देवमासे, काळ्या मोत्यांची खरेदी आणि समुद्रस्नान. एकूण अकरा. पत्राच्या तळाला वेगळ्या शाईत बाईंची एक ओळ आहे: ‘यादी पाहून मला धडकी भरली आहे. मला एकच ठिकाण पाहायचे आहे, पण नीट.’

गुरुजी, आम्ही बाईंच्या बाजूचे आहोत. का ते सांगतो.

प्रथम गणित मांडू. आठ ते पाच म्हणजे नऊ तास, हे कागदावर. मोरेआला मोठ्या बोटीसाठी धक्का नाही. बोट उपसागरात नांगर टाकून उभी राहते आणि बोटीच्या अंगावर टांगलेले मचवे खाली सोडून उतारूंना किनाऱ्यावर नेतात. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी जुन्या कोकणबोटीचा प्रवास केला असेल त्यांना हे नवे नाही. हर्णैला बोट दूर उभी राहायची आणि पडावात उतरून किनारा गाठावा लागायचा, तोच हा प्रकार, फक्त पडावाला आता छप्पर आणि इंजिन आहे. सकाळचे पहिले मचवे बहुधा बोटीने आयोजित केलेल्या सहलींच्या मंडळींना मिळतात. बाकीच्यांनी क्रमांकाची चिठ्ठी घेऊन बसायचे. तेव्हा तुमचा पाय जमिनीला लागेल तो साडेनऊच्या सुमारास. परतीचा शेवटचा मचवा बोट सुटण्याच्या बराच आधी निघतो. तो कोणत्या वेळी निघतो हे आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकात दिलेले असते. तो साडेचारचा धरला आणि रांगेच्या भीतीने तुम्ही तीन-साडेतीनला धक्क्यावर आलात, तर हाती राहिले साडेपाच-सहा तास. अकरा स्थळांना ते वाटले तर प्रत्येकाला अर्धा तास, आणि त्यातच गाडीत बसणे-उतरणे आले. शाळेची सहल नेलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

आता बोट नांगर टाकते कुठे, तेही पाहू, कारण सगळा बेत त्यावर ठरतो. मोरेआ हे ताहितीच्या वायव्येला अवघ्या १७ किलोमीटरवरचे बेट. एका विझलेल्या ज्वालामुखीचा तो उरलेला भाग. क्षेत्रफळ १३४ चौरस किलोमीटरच्या आसपास आणि वस्ती सुमारे अठरा हजार. बेटाभोवती थोडे अंतर ठेवून पोवळ्यांचा बांध आहे. बाहेरच्या लाटा त्या बांधावर फुटतात आणि आत उथळ, निवांत, हिरवेनिळे पाणी राहते. त्याला लगून म्हणतात. १८३५ च्या नोव्हेंबरात चार्ल्स डार्विन ताहितीच्या डोंगरावर चढला आणि समोर त्याला हे बेट दिसले. चौकटीत बसवलेल्या चित्राशी त्याने त्याची तुलना केली. फेसाळ लाटांची पांढरी चौकट, लगूनचा कोरा कागद आणि मध्ये डोंगरांचे चित्र. बेट शतकानुशतके हळूहळू खचते, आणि ते खचत असताना पोवळे मात्र उजेडाच्या ओढीने वर वर वाढत राहते, म्हणून किनारा आत सरकतो आणि बांध बाहेर राहतो, हा त्याचा सिद्धान्त. पुढे तो मोठ्या प्रमाणावर खरा ठरला. बेट पूर्ण बुडाले की नुसते कडे उरते. आपल्या लक्षद्वीपची बेटे ही अशीच कडी आहेत.

या बांधात बोटीला शिरायला वाट हवी. ती निसर्गानेच ठेवली आहे. डोंगरातले ओढे जिथे समुद्राला मिळतात तिथे गोडे पाणी आणि गाळ यांमुळे पोवळे वाढत नाही, म्हणून बहुतेक मोठ्या उपसागरासमोर बांधाला खिंड पडलेली असते. मोरेआच्या उत्तरेला असे दोन खोल उपसागर शेजारी शेजारी आहेत. पूर्वेकडचा पाओपाओ, त्याला नकाशावर कुकचा उपसागर म्हणतात, आणि पश्चिमेकडचा ओपुनोहू. दोहोंच्या मध्ये रोतुई नावाचा ८९९ मीटर उंचीचा डोंगर भिंतीसारखा उभा आहे. सफरीच्या बोटी या दोहोंपैकी एकात थांबतात. ओपुनोहूत थांबल्या तर मचवे पापेतोआई गावाच्या धक्क्याला लागतात. तुमची बोट कुठे थांबणार हे आधी विचारून घ्या. दोन्ही आत शिरलेले आडोशाचे उपसागर असल्यामुळे इथे मचव्यातून उतरणे तसे सुखाचे असते. रारोटोंगासारख्या बेटावर मोठ्या बोटी उघड्या समुद्रात थांबतात आणि लाटा मोठ्या असल्या की उतारूंना बेट लांबूनच पाहून पुढे जावे लागते. तशी भीती इथे कमी, पण समुद्राचे काम आहे, हमी कुणीच देत नाही.

आता यादीला कात्री लावू. प्रदक्षिणा पहिल्यांदा काढू. बेटाभोवतीचा रस्ता सुमारे साठ किलोमीटरचा आहे. सुंदर आहे यात शंका नाही, पण त्यात दिवसाचा मोठा भाग गाडीच्या काचेतून जातो. देवमासे काढताना आमचाही हात जड होतो. जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत हंपबॅक जातीचे देवमासे अंटार्क्टिकाकडून या कोमट पाण्यात पिल्ले द्यायला येतात, म्हणजे तुमचा महिना बरोबर सापडतो. परंतु त्यासाठी लहान होडीतून बांधाबाहेर जायचे, लाटांवर दोन-तीन तास हेलकावे खायचे, आणि दर्शन होईलच असे नाही. तरुण मंडळींनी खुशाल जावे. मुशी-पाकटांचे तेच. कमरेइतक्या पाण्यात ते अंगाजवळून फिरतात, गंमत मोठी, पण अर्धा दिवस तिथेच जातो. काळे मोती मुळात या बेटाचे नव्हेत, ते मुख्यतः दूरच्या तुआमोतू आणि गाम्बिए द्वीपसमूहांतून येतात. पारखी असाल तर ताहितीच्या बाजारात पाहा. कारखाना, काचेची होडी यांना आम्ही निरोप देतो.

उरले काय? ओपुनोहूचे खोरे, आणि त्या एकाच वाटेवर येणारी देवस्थाने, अननसाचे मळे आणि बेल्वेदेरचा कडा. येताजाता समुद्रस्नान आणि धक्क्याजवळचे चर्च. बाईंचे ‘एक ठिकाण’ ते हेच. आणि मौज अशी, की गुरुजींच्या यादीतली पाच नावे यात आपोआप आली.

बेल्वेदेर हे नाव ऐकून चढण असेल असे वाटते, पण वरपर्यंत डांबरी रस्ता आहे. गुडघ्यांना त्रास नाही. वर उभे राहिले की समोर रोतुई, त्याच्या दोन बाजूंना दोन उपसागर, आणि त्यापलीकडे बांधावर फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. डार्विनचे चित्र तुम्ही येथे चौकटीच्या आतून पाहता. जवळच मोउआपुता नावाचा सुळका आहे. नावाचा अर्थ भोक पडलेला डोंगर, आणि माथ्याजवळ खरोखरच आरपार भोक आहे. कथा अशी, की चोरांचा देव हिरो एका रात्री रोतुई डोंगर पळवून न्यायला आला. पलीकडे ताहितीवर पाई नावाच्या वीराला जाग आली. त्याने भाला फेकला तो या सुळक्यातून आरपार गेला, त्या आवाजाने कोंबडे जागे होऊन आरवले, आणि चोर पळाले. कोंबडा आरवला म्हणून पांडवांचे देऊळ अर्धेच राहिले, ही कथा आपल्याकडे गावोगाव सांगतात. तिकडे कोंबड्याने देऊळ अडवले नाही, डोंगर वाचवला, एवढाच फरक.

कड्याच्या खाली, रस्त्यालगत, दाट झाडीत दगडी चौथरे आहेत. त्यांना मारे म्हणतात. ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीची ही देवस्थाने. छप्पर नाही, मूर्ती नाही, फरसबंद अंगण आणि एका टोकाला दगडांची उतरंड. १९६० च्या दशकात रॉजर ग्रीन यांनी या खोऱ्याची पाहणी केली आणि योशिहिको सिनोतो यांनी काही चौथरे पुन्हा नीट उभे केले. धनुर्विद्येचे चौथरेही इथे आहेत. धनुष्यबाण ही त्या लोकांची लढाईची वस्तू नव्हती, तो सरदारांचा पवित्र खेळ होता आणि त्याला धार्मिक विधींची जोड होती. आज चौथऱ्यांच्या फरसबंदीतून मापे नावाची मोठमोठी झाडे वर आली आहेत. त्यांच्या बुंध्याला भिंतीसारख्या फाका असतात. खोऱ्यात एके काळी दाट वस्ती होती, ती युरोपीय बोटींबरोबर आलेल्या रोगांनी आणि लढायांनी उठली. ते दगडांकडे पाहताना ध्यानात असू द्या. चौथऱ्यावर चढू नका, दगड उचलून पिशवीत घालू नका. आपल्या गावच्या देवराईत जसे वागतो तसे वागावे.

देवराईवरून आठवले. या बेटावर तुम्हाला सर्वांत जास्त जर काही चकित करील तर ती ओळखीची झाडे. नारळ आणि केवडा तर आहेतच. देवस्थानाभोवती जे मीरो नावाचे पवित्र झाड लावीत, ते म्हणजे आपल्या किनाऱ्यावरचा पारोसा भेंड. तामानू म्हणजे कोकणातली उंडी, जिच्या बियांचे कडू तेल दिव्याला आणि दुखऱ्या सांध्यांना वापरीत. तिकडेही ते तेल अंगाला चोळतात. आइतो म्हणजे सुरू. नोनो म्हणजे बारतोंडी. तारो म्हणजे अळू, आणि त्याची पाने नारळाच्या दुधात शिजवतात, म्हणजे आपल्या फदफद्याची चुलत बहीणच. उरू म्हणजे नीरफणस, ज्याची कापे मालवणात आणि गोव्यात तांदळाच्या रव्यात घोळवून तळतात. याच उरूची रोपे न्यायला ‘बाउंटी’ ही बोट १७८८ साली ताहितीला आली होती आणि परतीच्या वाटेवर तिच्यावर ते प्रसिद्ध बंड झाले. ताहितीचे मानाचे पांढरे फूल तिआरे, ते आपल्या अनंताच्याच कुळातले. हे साम्य योगायोगाने आलेले नाही. यांतली काही झाडे समुद्रानेच आपल्या बिया वाहून नेऊन लावली, आणि अळू, नीरफणस, केळी यांची रोपे पॉलिनेशियाच्या दर्यावर्दी लोकांनी आपल्या जोडहोड्यांतून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या खुणांवर वाट काढीत, पश्चिमेकडून आणली. बोटीवरून उतरताना वाटते आपण पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलो, आणि वाडीत शिरलो की गुहागर. हे पाहायला घाई चालत नाही. झाडापाशी थांबावे लागते.

खोऱ्यातच अननसाचे मळे लागतात. अननस लहान, पण फार गोड. एक कृषिविद्यालय आहे, तिथे फळांचे मुरंबे आणि आइस्क्रीम मिळते. बसायला सावली असते. इथे तासभर बसा, वेळापत्रकात लिहून ठेवा ‘बसणे’. उतरताना ओपुनोहूच्या काठी ताहिआमानू नावाची सार्वजनिक पुळण आहे, तिथे पाण्यात पाय घालता येतील. पायांत रबरी जोडे असू द्या, कारण तळाशी दगडासारखा दिसणारा विषारी काटेरी मासा असतो आणि समुद्री अर्चिनही असतात.

आता एक जुनी गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच खरे तर आम्ही हे पत्र निवडले.

१७७७ च्या ३० सप्टेंबरला याच ओपुनोहूच्या उपसागरात दोन बोटींनी नांगर टाकला. रिझोल्यूशन आणि डिस्कव्हरी. कप्तान जेम्स कुक. कुकचा उपसागर म्हणतात तो शेजारचा, पण बोटी थांबल्या त्या इथे. नकाशे करणाऱ्यांनी नाव चुकीच्या दाराला लावले आहे. लोकांनी फळे आणली, देवघेव झाली, आठवडाभर सगळे ठीक चालले. मग चरायला सोडलेल्या बोटीवरच्या बकऱ्यांपैकी एक चोरीला गेली. कुकने ती परत मागितली, मिळेना, तेव्हा हत्यारबंद माणसे घेऊन तो बेटात शिरला. घरे जाळली, होड्या फोडल्या. दोन दिवस हे चालले. शेवटी बकरी परत आली आणि ११ ऑक्टोबरला बोटी पुढे गेल्या. कुकच्याच काही अधिकाऱ्यांनी आपल्या रोजनिशीत या प्रकाराबद्दल नापसंती नोंदवली आहे. होडी म्हणजे त्या लोकांचे मासे, त्यांची ये-जा, त्यांची वर्षावर्षांची मेहनत. एका बकरीपायी ती गेली.

आजचे उतारू घरे जाळीत नाहीत, हे उघड आहे. पण पाहुणा आणि यजमान यांचा हिशेब त्या उपसागरात अजून मांडलाच जातो. दोन हजार माणसे एका सकाळी लहानशा गावाच्या धक्क्यावर उतरतात आणि संध्याकाळी निघून जातात. जेवण बोटीवर झालेले असते, सहल बोटीवरच विकत घेतलेली असते, गावाच्या पदरात पडते ती गर्दी. गावाची चार गाड्यांची वाहतूक, गावाची पुळण आणि गावाचे पाणी त्या दिवशी पाहुण्यांचे होऊन जाते. शेजारच्या बोरा बोरा बेटाने याचा विचार करून २०२२ पासून दिवसाला १,२०० क्रूझ-उतारूंची मर्यादा घातली. मोरेआने २००४ सालीच आपल्या लगूनसाठी नियमांचा आराखडा केला. मासेमारी कुठे, नांगर कुठे, राखीव पाणी कोणते, हे त्यात ठरले आहे. त्यांना हे सुचले ते उगाच नव्हे. २००६ ते २०१० या काळात काटेरी तारामाशांनी बांधाबाहेरचे बहुतेक पोवळे खाल्ले, त्यावर २०१० च्या फेब्रुवारीत ओली नावाचे वादळ आले. पोवळे पुन्हा उभे राहिले, शास्त्रज्ञांनाही अचंबा वाटावा इतक्या लवकर. मग २०१९ साली पाणी तापून ते पांढरे पडले. जे पुन्हा पुन्हा सावरते त्याच्यावर उभे राहू नये, एवढे तरी पाहुण्याने करावे. पोवळ्यावर पाय देऊ नका, माशांना पाव टाकू नका, तेल-मलमे फासून पाण्यात उतरू नका. अंगभर कपडा घातला तर ऊनही लागत नाही आणि मलमही लागत नाही. ऑक्टोबरात तिथला दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो.

आणि पैसे बेटावर खर्च करा. धक्क्यापाशी स्थानिक बायका फळे, शिंपल्यांच्या माळा आणि पारेओ म्हणजे लुंगीसारखे रंगीत वस्त्र विकायला बसतात. गाडी गावातल्या माणसाची ठरवा. उघड्या जीपगाड्यांची ‘सफारी’ सुचवतील, ती तुमच्या कंबरेला मानवणार नाही, साधी मोटार किंवा लहान बस मागा, आणि बोटीवर चढण्यापूर्वीच पत्र पाठवून ठरवून ठेवा. सार्वजनिक बसच्या भरवशावर राहू नका. चलन पॅसिफिक फ्रँक. त्याचा युरोशी भाव कायमचा बांधलेला आहे, एका युरोला ११९.३३. म्हणजे हजार फ्रँकचे सुमारे ८ युरो ४० सेंट. थोडी रोकड जवळ हवी. घासाघीस करण्याची तिथे रीत नाही, आणि बक्षिशीचीही नाही. महागाई भरपूर आहे, कारण बहुतेक सामान समुद्रापलीकडून येते. पण अननस तिथलाच असतो.

जेवणाचे. त्यांचा मानाचा पदार्थ म्हणजे लिंबू आणि नारळाच्या दुधातला कच्चा मासा. तो चालत नसेल तर भाजलेला उरू, केळी, पपई, नारळ यांवर दिवस उत्तम निघतो. बोटीवरची फळे, बिया, फुले किनाऱ्यावर नेऊ नका. बेटाच्या शेतीला कीड लागू नये म्हणून तशी बंदी असते. बंद पाकिटातला चिवडा नेण्याविषयी बोटीवर विचारून घ्या. दिवाळी जवळ आली असेल, चिवडा बरोबर असणारच, हे आम्ही धरून चालतो. पाण्याची बाटली, छत्री, टोपी आणि डासांचे मलम मात्र हवेच. खोऱ्यात डास आहेत आणि त्या बेटांवर डेंग्यूच्या साथी येतात.

सकाळी उतरल्यावर घाई नसेल तर आधी चर्च पाहा, ते धक्क्यापासून चालत जाण्याजोगे आहे. अष्टकोनी, मूळ बांधणी १८२० च्या दशकातली, लंडन मिशनच्या मंडळींनी उभारलेली. गुरुजींना आवडेल अशी एक हकीकत सांगतो. १८१७ साली याच बेटावर आफारेआइतू गावी छापखाना निघाला. राजा दुसरा पोमारे मोठ्या कौतुकाने आला आणि पहिल्या पानाचे खिळे त्याने स्वतःच्या हाताने जुळवले. आणि छापले काय, तर मुलांना अक्षरओळख करून देणारे पुस्तक. मुंबईत अमेरिकन मिशनने मराठी छपाई सुरू केली तीही त्याच सुमारास. जगाच्या दोन टोकांना एकाच वेळी धडे जुळवले जात होते. रविवार असेल तर दुकाने बहुतेक बंद असतील, पण चर्चमध्ये अनेक सुरांत गायलेली हिमेने ऐकायला मिळतील. बाहेर नीट कपड्यांत, शांतपणे उभे राहिले तर कुणी हरकत घेत नाही.

आता कागदपत्रे, कारण इथे चुकले तर बाकी सारे फुकट. फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सचा असला तरी शेंगेन क्षेत्रात मोडत नाही. युरोपचा व्हिसा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, फ्रेंच वकिलातीकडून लेखी उत्तर घ्या. सफर झाल्यावर पुन्हा ऑकलंडला मुलाकडे जायचे आहे, तेव्हा न्यूझीलंडचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. कुणी अमेरिकेवरून परतीचे विमान सुचवले तर लक्षात ठेवा, तिथे नुसते विमान बदलायलाही व्हिसा लागतो.

ऑकलंडहून ताहितीकडे जाताना वाटेत तारीखरेषा ओलांडावी लागते आणि एक वार दोनदा येतो. बाई चतुर्थी करीत असतील तर कोणती धरायची ते पंचांगवाल्यांना आधी विचारावे, आमची तेवढी विद्वत्ता नाही. मात्र रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या एका दिवसाच्या जास्त घ्या, हे आम्ही ठामपणे सांगतो. मोरेआचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेपंधरा तास मागे आहे. तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा नाशिकला त्याच दिवसाच्या रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. नातवंडांना फोन करायचा असेल तर हे ध्यानात ठेवा.

शेवटी परतीचा मचवा. बोटीने विकलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतः ठरवलेल्या गाडीला उशीर झाला तर सहसा थांबत नाही. दोन माणसांसाठी दोन हजारांना खोळंबून ठेवायचे कप्तानाला परवडत नाही. राहिलेल्या माणसाने ताहितीला जाणारी फेरी पकडावी, तिथून पुढचे बंदर स्वखर्चाने गाठावे. म्हणून पासपोर्टची छायाप्रत, एका दिवसाची औषधे आणि बोटीच्या कचेरीचा दूरध्वनी खिशात असू द्या. घड्याळ बोटीच्या वेळेला लावलेले ठेवा. गाडीवाल्याला सुटण्याची खरी वेळ सांगू नका, एक तास अलीकडची सांगा. ही युक्ती नाशिकच्या रिक्षापासून मोरेआच्या मोटारीपर्यंत सर्वत्र लागू पडते.

तीन शब्द पाठ करून जा. भेटल्यावर ‘या ओराना’, आभार मानताना ‘माउरूरू’. तिसरा शब्द निरोपाचा. धक्क्यावरून मचवा सुटताना किनाऱ्यावरच्या बायका हात हलवून ‘नाना, नाना’ म्हणतील. गुरुजी, आपल्याला घरात याच नावाने हाक मारीत असतील, तरी ओ देऊन परत उतरू नका. तो शेवटचा मचवा असेल.